चांदीसकट वजन

आमच्या घरी दारामागच्या खुंटीला वजनाचा काटा टांगलेला असायचा. आई अंगणवाडीची बाई. अंगणवाडी भरायची ती मारुतीच्या देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत. तिला कडी होती, पण कुलूप काही टिकत नव्हतं, म्हणून सरकारी काटा आई रोज घरी घेऊन यायची. गोल तबकडी, वर एक हूक आणि खाली एक. खालच्या हुकाला कापडी चड्डी अडकवायची, तिच्यात लेकरू बसवायचं, आणि लेकरानं भोकाड पसरलं की तबकडीतली सुई थरथरायला लागायची. दार लोटलं की तो काटा भिंतीवर किणकिण वाजायचा. लहानपणचा आवाज कोणता म्हणून कुणी विचारलं तर मी तोच सांगीन. जातं आमच्याकडंही होतं, पण त्याच्यावर माझे वडील, आबा, दाढी करायला बसायचे.

हे प्रकरण मी याआधी दोनदा लिहायला घेतलं. पहिल्यांदा चार पानं आमच्या स्वयंपाकघरावरच गेली, दुसऱ्यांदा आबांच्या गमतीजमतींवर. येसराची आमटी आली, अंबाडीची भाजी आली, गरम धपाट्यावर विरघळणारा लोण्याचा गोळा आला, फक्त काटा आला नाही. आता साठी उलटली. आणखी टाळाटाळ केली तर राहूनच जाईल, आणि ते राहून जावं अशी माझी आतून किती इच्छा आहे हे मला चांगलं ठाऊक आहे.

आमचं गाव राणीसावरगावाच्या वाटेवरचं, कोरडवाहू, कापूस-तुरीचं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, बारावीला इंग्रजीत गचकून घरी बसलेले. त्या पावसाळ्यात वरून एक मॅडम तपासणीला आल्या. आईच्या वहीत प्रत्येक लेकराचा एक तक्ता असायचा, त्यात तीन पट्टे: हिरवा, पिवळा, तांबडा. हिरव्यातलं लेकरू धट्टंकट्टं, तांबड्यातलं पार खंगलेलं. मॅडमनी वही चाळली आणि पारावर चारचौघांदेखत सांगितलं की आजूबाजूच्या गावांत सगळ्यात जास्त तांबडी लेकरं तुमच्या गावात आहेत. चूक त्यांची नव्हती, जे होतं ते त्यांनी सांगितलं. पण आई त्या दिवशी जेवली नाही. आबांनी तिला हसवायचा प्रयत्न केला, म्हणाले, लेकरं तू जन्माला घातली न्हाईस, तू फक्त मोजतीस. आई म्हणाली, मोजून मोजून काय केलं मी, आणि भांडी घासायला उठली. रिकाम्या पोटी बाई भांडी घासते तेव्हा भांड्यांचा आवाज फार मोठा येतो.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतल्या गुरुजींकडं गेली. गुरुजी नांदेडकडचे, बिऱ्हाड करून राहिलेले, अंगात वारं भरलेला माणूस. त्यांनी आठवड्याभरात सगळं गाव पारावर गोळा केलं आणि एक साधी गोष्ट मांडली. दर घरानं रोज एक वाटी आणायची. ज्वारीच्या कण्या असोत, शेंगदाणे, गूळ, तीळ, जवस, तुरीची डाळ, ज्याच्या घरी जे असेल ते. पारावर एकच हंडी चढवायची आणि गावातल्या सगळ्या लेकरांनी, तांबड्या-हिरव्या कुठल्याही, एका पंगतीत बसून खायचं. आणि मोठ्यांनी फुकट बसायचं नाही. सकाळी गड्यांनी पडक्या तालमीत बैठका मारायच्या, म्हाताऱ्यांनी देवळाला फेऱ्या घालायच्या, पोरापोरींनी फाट्यापर्यंत पळून यायचं. पोरींनी पळायचं म्हटल्यावर पारावर जी खसखस पिकली ती माझ्या अजून कानात आहे. पण आबा उठले. तरुणपणी कुस्त्या मारलेले आबा, पोट सुटलेलं, आणि म्हणाले की माझी नंदा पळंल, आन् मी बैठका मारीन, कुणाला हसायचं असंल त्यानं आधी माझ्यासंगं दहा मारून दाखवाव्या. तिसऱ्या बैठकीला त्यांचा स्वतःचाच गुडघा वाजला, ते निराळं.

चाललं मात्र ते. कुणाच्या वाटीत खवट शेंगदाणे निघाले यावरून दोन जावा आठ दिवस बोलल्या नाहीत, कुणी वाटी म्हणून चहाचा कप आणला, पण हंडी रोज चढली. एकमेकींच्या घागरीतलं पाणी न पिणाऱ्या बाया एका उखळाशी तीळ कुटायला बसल्या. गुळाचा वास सकाळीच गावभर पसरायचा आणि फेऱ्या घालणारे म्हातारे बरोबर हंडीसमोर आले की दमायचे. मी आणि सहा पोरी धुक्यातून पळायचो, पायात कुणाच्या स्लीपर तर कुणाच्या काहीच नाही. गुरुजींनी सांगितलं की हिवाळ्यात गंगाखेडला तालुक्याच्या शर्यती आहेत, तुम्ही जाणार. मी कुठंतरी जाणार, माझं नाव कुणीतरी पुकारणार, या एका गोष्टीनं नापासाची लाज माझ्या अंगावरून उतरली. त्या दिवसांत मी झोपेतसुद्धा पळत असेन.

गावाबाहेर ओढ्यापलीकडं धनगरांची वस्ती होती, दहाबारा घरं. त्यांची लेकरं हंडीवर यायची नाहीत आणि आईच्या वहीतही नव्हती. त्यांना कुणी मुद्दाम वगळलं असं नाही. शेरडा-मेंढरांची माणसं, घरात दूध-दुभतं, त्यांच्या लेकरांना काय कमी पडायचंय, असं गावातला प्रत्येक माणूस धरून चालायचा. गुरुजीसुद्धा, आईसुद्धा. म्हणून वस्तीकडं धान्याची वाटी मागितली नाही, दूध मागितलं. पळणाऱ्या पोरींना रोज एक चरवी शेळीचं दूध. ते द्यायला पुढं झाली गिरजामावशी. तिचा नवरा मेंढरं घेऊन गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठानं गेलेला, तो उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचा. घरी ती, पाच शेळ्या आणि एक लेक. आपल्या घरचं काही मारुतीच्या पारावर मांडलं जातंय याचं तिला फार अप्रूप होतं. पहिल्या दिवशी तिनं चरवी राखेनं घासघासून अशी लख्ख केली होती की तिच्यात तोंड दिसत होतं.

ती चरवी आणायचं काम माझ्याकडं आलं, कारण पळायची वाट वस्तीवरूनच जायची आणि मी सगळ्यात पुढं असायची. मी पोचायची तेव्हा मावशीची धार काढून होत आलेली असायची. शेळ्यांचा, लेंड्यांचा आणि चुलीतल्या तुरीच्या काड्यांचा मिळून एक वास यायचा. ती मला हातावर गूळ द्यायची आणि म्हणायची, पळ बाई, आमच्या शेरडांवानी पळ. आणि दारात, पोत्यावर, बायडी बसलेली असायची.

बायडी अडीच वर्षांची होती आणि चालत नव्हती. मोठं पोट, काड्यांसारखे हात, केसांवर तांबूस झाक. पायात जड चांदीचे वाळे, कमरेला काळा करदोडा आणि त्यात चांदीच्या पेट्या ओवलेल्या. नवसाची पोर, आधीची दोन गेलेली, म्हणून घरात होती नव्हती ती चांदी तिच्या अंगावर घातलेली. ती रडायची नाही. माझ्याकडं बघत बसायची. आईच्या हाताखाली मी चार वर्षं काटा धरत आले होते. तसं पोट आणि तसे केस म्हणजे काय, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. घरात पाच शेळ्या, पण दोनच दुभत्या. एकीचं दूध विकून मीठमिरची यायची आणि दुसरीचं माझ्या चरवीत असायचं. मी ते हातात घेऊन पळत सुटायची.

मी सांगितलं नाही असं नाही, सांगितलं. पण पंधरा दिवसांनी, आणि तेही जाताजाता बोलावं तसं. आई म्हणाली, तिला वजनाला आण. मावशी येईना. लेकरू तोललं, त्याचा आकडा कुणी मोठ्यानं बोललं, की त्याला नजर लागते असं वस्तीत मानायचे. आई तेव्हा वरून परत येणाऱ्या मॅडमच्या तयारीत बुडालेली; गावात आता एकही लेकरू तांबड्यात नाही असं तिला पारावर उभं राहून सांगायचं होतं. तिनं काटा माझ्या हाती दिला आणि म्हणाली, तू जा, तुझं ती ऐकंल. वाळे-करदोडा काढून तोल.

मी दुपारी गेले. काटा तुळईला टांगला. मावशी कितीतरी वेळ नाही नाही करत राहिली आणि मग केवळ माझ्या भिडेखातर हो म्हणाली, पण अंगावरची चांदी काढू देईना. करदोडा तर काढायचाच नसतो, आणि वाळे काढले की पायातलं बळ जातं. मी फार आग्रह केला नाही. बायडीला चड्डीत बसवलं, ती बिचारी गप्प लोंबत राहिली आणि सुई थांबली तो आकडा तक्त्यात तांबडा पट्टा नुकता ओलांडून, पिवळ्याच्या काठावर पडत होता. चांदीसकट. चांदीचे दोन-तीन तरी दांडे, तबकडीवरच्या बारीक रेघा, वजा करायला हवेत हे मला तिथल्या तिथं दिसत होतं. आणि वजा केले तर काय होईल तेही. बायडी तांबड्यात जाईल, आईला पारावर ते वाक्य म्हणता येणार नाही, आणि गुरुजी पहिली गोष्ट करतील ती म्हणजे या घरचं दूध बंद. शर्यतीला तीन आठवडे राहिले होते. एवढा सगळा हिशेब सुई थरथरायची थांबेपर्यंत माझ्या डोक्यात झाला, आणि मी आकडा चांदीसकट तसाच लिहिला. म्हणून मी त्याला चूक म्हणत नाही. चूक नकळत होते.

मावशीनं लेकरू काढून कडेवर घेतलं आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "नंदे, खरं सांग. पोर कशी हाय माझी? मी म्हनत व्हते, दोन-चार महिने दूध घरातच ठिवावं. हिच्या पोटात तर जाईल."

"चांगली हाय मावशी," मी म्हणाले. "काही काळजी करू नका."

"मंग बरं झालं. गावाला न्हाई म्हनायला मला लय लाज वाटायली व्हती." आणि तिनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी तो खाल्ला.

पुढचं सगळं छान झालं. मॅडम आल्या, आईनं ते वाक्य म्हटलं, आबांनी सर्वांसमोर पंचवीस बैठका मारल्या, बायांनी लाडू वाटले. गंगाखेडला मी दुसरी आले. माझं नाव पुकारलं तेव्हा कर्ण्यातून खरखर आली आणि आडनाव चुकलं, तरी मला रडू फुटलं. बक्षीस म्हणून स्टीलचं ताट मिळालं, त्यावर माझं नाव कोरलेलं. गावात टेम्पो आला तेव्हा गिरजामावशी बायडीला कडेवर घेऊन वेशीत उभी होती. तिनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझ्या दुधाची पोर, असं ती सगळ्यांना सांगत होती.

उन्हं तापायला लागली आणि वस्तीत गोवर आला. बाकीची लेकरं आठ दिवसांत उठून खेळायला लागली. बायडी उठली नाही. आई तिला आणि मावशीला घेऊन परभणीच्या दवाखान्यात गेली आणि तिच्या उशाशी अकरा दिवस राहिली. पोर वाचली, पण उजव्या डोळ्यात फूल पडलं आणि तो डोळा गेला. अंगात काही नव्हतं म्हणून गोवर डोळ्यात बसला, असं डॉक्टरांनी आईला समजावून सांगितलं. भरती करताना त्यांनी बायडीला उघडी करून तोललं होतं, आणि तो आकडा कागदावर होता.

आई परतली तेव्हा दुपार होती, मी ज्वारी निवडत होते. तिच्या पदराच्या गाठीत बायडीचे वाळे आणि करदोडा होते, मावशीनं सांभाळायला दिलेले. तिनं हातपाय धुतले नाहीत. दारामागचा काटा काढून तुळईला टांगला, चड्डीत ती चांदी टाकली आणि बाजूला झाली. सुई तीन दांडे पुढं जाऊन थांबली. आम्ही दोघी तिच्याकडं बघत राहिलो.

"काढायला सांगितलं व्हतं मी," आई म्हणाली.

"इसरले," मी म्हणाले.

तिनं चांदी परत पदराच्या गाठीत बांधली आणि काटा दारामागं टांगला. दुसऱ्या दिवशी फळीवरचं माझं ताट दिसेना. आईनं ते अंगणवाडीत नेलं होतं. तिथं तिनं नियम घातला: लेकराच्या अंगावरची चांदी आधी या ताटात, मग लेकरू काट्यात. माझं नाव कोरलेल्या ताटात गावातल्या लेकरांचे वाळे किणकिणायला लागले. आणि मग ती वस्तीवर गेली, गिरजामावशीसमोर उभी राहिली, आणि म्हणाली की वही माझी हाय, वजन चुकलं ती चूक माझी हाय. माझं नाव तिनं घेतलं नाही. हे मला आबांकडून कळलं.

मावशीनं आईला दोष दिला नाही, हेच तर वाईट. तिची स्वतःपुरती खात्री झाली होती की लेकरू तोलू दिलं म्हणून नजर लागली आणि डोळा गेला, आणि तोलू देणारी ती स्वतः. वस्तीनंही तेच धरलं. पुढची सहा-सात वर्षं तिथल्या एकाही लेकराला काट्यात बसवू दिलं नाही. आई दर महिन्याला काटा खांद्याला लावून ओढा ओलांडायची आणि तशीच परत यायची. एक शब्द बोलले असते तर वस्तीचा तो समज गेला असता. तोलल्यानं काही झालं नाही मावशी, मी खोटं सांगितल्यानं झालं, एवढंच. मी तो बोलले नाही. मी बारावी सुटले, डी.एड. केलं, पूर्णेला रेल्वेतला नवरा मिळाला, आणि तीस वर्षं शाळेत लेकरांना खरं बोलावं म्हणून शिकवलं. गिरजामावशी गेली तेव्हा मी मातीला गेले नाही. शाळेची परीक्षा आहे असं कळवलं. परीक्षा होती, पण रजा मिळत होती.

मागच्या हिवाळ्यात गावातून फोन आला. मारुतीच्या पाराजवळ आता हिरव्या-पिवळ्या रंगाची व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवलीत. त्याचा कार्यक्रम होता, आणि गावातली पहिली पळणारी पोर म्हणून मी चार शब्द बोलावेत अशी सरपंचबाईंची इच्छा होती. नाही म्हणायची सगळी कारणं संपली होती. मी गेले. नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्या यंत्रावर उभ्या राहून झोके घेतल्यासारखे पाय हलवत होत्या आणि एकमेकींना हसत होत्या. आबा असते तर रांगेत पहिले असते. कार्यक्रमाला वेळ होता म्हणून मी देवळामागं गेले. पत्र्याच्या जागी आता सिमेंटची खोली आहे. आताची बाई तालुक्याला बैठकीला गेलेली, आणि आत वजनं करत होती मदतनीस. ठेंगणी, चाळिशी ओलांडलेली, उजव्या डोळ्यात पांढरं फूल. आईनं त्या आजारानंतर तिला रोज स्वतः उचलून आणून दोन वेळा जेवू घातलं होतं, चालायला शिकवलं होतं, पुढं चिकटवलंही तिथंच. हे मी सगळं ऐकून होते. समोर जायचं तेवढं टाळत आले होते.

बायडीनं मला लगेच ओळखलं. बसायला पाट दिला. मांडीवर वस्तीतलंच एक लेकरू होतं. त्याचे वाळे तिनं सराईतपणे काढले, करदोडा सोडवला आणि एका ताटात टाकून ताट माझ्यापुढं केलं. "ताई, धरा जरा." ताटाची कडा चेपलेली, मधला भाग घासून घासून पांढरा पडलेला. माझ्या नावाची दोन अक्षरं अजून वाचता येत होती.

लेकराला चड्डीत बसवता बसवता ती बोलत होती. "तुमच्या आईनी, आमच्या थोरल्या बाईनी, जायच्या आधी मला सांगितलं व्हतं. चांदीसकट तोललं, चूक माझी झाली, म्हनल्या. लय रडल्या. मी म्हनलं, बाई, तुमी मला मायवानी वाढवलं. कामून रडता? मी तर कवाच इसरले."

म्हणजे आई मरताना माझ्या कामाची माफी मागून गेली होती, आणि ती तिला मिळाली होती.

"बायडे," मी म्हणाले, "ते वजन आईनं न्हाई केलं. मी केलं. तिनं काढायला सांगितलं व्हतं. मी इसरले न्हवते. तुला तांबड्यात लिव्हलं असतं तर मावशीचं दूध बंद झालं असतं, आन् मला पळायचं व्हतं."

तिनं चाललेला हात थांबवला. चांगला डोळा माझ्यावर ठेवून ती बघत राहिली, पोत्यावर बसून बघायची तशीच. बाहेर म्हाताऱ्या हसत होत्या. काट्यातलं लेकरू रडायला लागलं. तिनं त्याच्या पाठीला हात लावून त्याला शांत केलं, मग वही उघडली, पान काढलं आणि पेन्सिलीसकट माझ्याकडं सरकवली.

"मंग आज तुमीच लिव्हा," ती म्हणाली. "नीट बघून लिव्हा."

मी ताट खाली ठेवलं, चष्मा पुसला, सुई थांबायची वाट पाहिली आणि आकडा लिहिला.